ऑक्टोबरच्या आत काय दुरुस्त करू? (गोव्यातला छोटा सॉफ्टवेअर धंदा आणि वाढीचा प्रश्न)

मांडवीपार | ११ जून, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. प्रश्न मोठा आहे, त्यामुळे लिखाणही लांबणार.

मी पर्वरीला राहतो. चार वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी गेस्ट हाऊस आणि होमस्टेवाल्यांसाठी सॉफ्टवेअर सुरू केलं. खोल्यांचं कॅलेंडर, निरनिराळ्या बुकिंग साइट्सवरून येणाऱ्या नोंदी एका जागी, पावत्या आणि जीएसटीचा हिशेब, एवढंच काम. महिन्याला ९९९ रुपये. आज पाच जण आहोत. पगार वेळेवर होतात, कर्ज नाही.

गेल्या सप्टेंबरात ११८ ग्राहक होते. बहुतेक मांद्रे, मोरजी, हणजूण, थोडे काणकोणकडे पाळोळेला. सीझन तोंडावर होता, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जाहिरातींवर ३ लाख ६० हजार घातले. २१० जणांनी फुकट वापरून पाहिलं, त्यातले ४० पैसे भरून राहिले. म्हणजे एक ग्राहक ९ हजारांना पडला. त्या ४० पैकी २३ जण मे संपायच्या आत निघून गेले. गेलेले सरासरी पाच महिनेसुद्धा टिकले नाहीत. त्याच काळात जुन्या ग्राहकांच्या सांगण्यावरून ३१ जण आले. त्यांच्यावर एक रुपया खर्च नव्हता आणि त्यातले फक्त चार गेले.

दुसरी गोष्ट सांगताना अजून वाईट वाटतं. २७ डिसेंबरच्या संध्याकाळी आमचा सर्व्हर अडखळला. एका साइटवर खोली विकली गेली की बाकीच्या साइट्सवर ती लगेच बंद व्हायला हवी. त्या दिवशी हा निरोप पोचायला चाळीस मिनिटं लागत होती. अकरा खोल्या दोनदा विकल्या गेल्या. मांद्र्याच्या एका बाईंच्या दारात दिल्लीहून आलेलं कुटुंब, दोन लहान मुलं, रात्री साडेअकरा वाजता सामान घेऊन उभं होतं. त्यांची सोय करायला मी स्वतः गाडी घेऊन पहाटे तीनपर्यंत फिरत होतो. बाईंनी मला एक शब्द वाईट बोलून दाखवला नाही. जानेवारीत त्यांनी सॉफ्टवेअर बंद केलं.

आता मुंबईचे एक गुंतवणूकदार पैसे द्यायला तयार आहेत. अट एकच: पुढच्या मार्चपर्यंत १,००० ग्राहक. माझे दोन्ही भागीदार 'घेऊया' म्हणतात. मला रात्री झोप येत नाही. हातात चार महिने आहेत. या चार महिन्यांत आधी काय करावं?

---

वेर्णे_पठार | ११ जून, रात्री ११.२५

मी वेर्ण्याला एका कंपनीत बॅकएंडचं (पडद्यामागचं, सर्व्हर-डेटाबेसचं) काम करतो. सल्ला देण्याआधी चार प्रश्न. डेटाबेस कुठला? त्या संध्याकाळी तुम्ही सर्व्हर वाढवले होते का? मालक लोक रिपोर्ट काढतात ते त्याच डेटाबेसवरून का? आणि साइट्सशी जोडणी एपीआयने (दोन सॉफ्टवेअर थेट एकमेकांशी बोलतात ती सोय) आहे की कॅलेंडरची लिंक देऊन?

---

मांडवीपार | ११ जून, रात्री ११.५०

पोस्टग्रेस, एकच. मुंबई रीजनमध्ये. हो, गोंधळ दिसताच दोनाचे सहा ॲप सर्व्हर केले, त्यानंतर परिस्थिती आणखी बिघडली. रिपोर्ट त्याच डेटाबेसवरून. मोठ्या दोन साइट्सशी एपीआय, बाकीच्यांना कॅलेंडरची लिंक.

---

हरमलकर | १२ जून, सकाळी ७.१०

मी तुमचा ग्राहक नाही, पण तुमच्या ग्राहकासारखाच माणूस आहे. हरमलला सात खोल्या आहेत, वडिलांनी बांधलेल्या. मेमध्ये माणसं का जातात ते मी सांगतो.

मे संपत आला की आमचं येणं बंद होतं. किनाऱ्यावरचे शॅक ३१ मेपर्यंत उतरवावे लागतात, आम्ही गच्चीवर ताडपत्री घालतो, कामगार गावी जातात. जून ते सप्टेंबर घरात पैसा येत नाही, जातो मात्र. त्या वेळी फोनवर '९९९ कापले' असा मेसेज आला की पहिला विचार येतो, हे कशाला? चवथीचा (गणेश चतुर्थीचा) खर्च समोर दिसत असतो. मग बंद करून टाकतो. ऑक्टोबरात पुन्हा कोण सगळ्या खोल्या, दर, फोटो भरत बसणार? तोपर्यंत दुसऱ्या कोणाचा तरी मुलगा दारात येतो आणि 'आमचं फुकट आहे' म्हणतो.

माझ्याकडे जे सॉफ्टवेअर आहे ते मी सोडत नाही, त्याचं कारण फॉर्म सी. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. पासपोर्ट, व्हिसा, कुठून आला, कुठे जाणार. हरमलला दिवसाला पाच-सहा परदेशी उतरतात आणि माझी बायको रात्री बारापर्यंत ते टाइप करत बसायची. आता पासपोर्टचा फोटो काढला की बहुतेक रकाने आपोआप भरतात, ती फक्त तपासते. या एका गोष्टीसाठी मी दुप्पट पैसे देईन.

तुमचे जे टिकले त्यांना विचारा ते नेमकं काय वापरतात. कॅलेंडर सगळेच देतात.

---

मांडवीपार | १२ जून, सकाळी ९.३०

भाऊ, तुमचं वाचून मी ऑफिसला जायच्या आधी लॅपटॉप उघडला. आमच्याकडेही फॉर्म सी भरायची सोय आहे, दोन वर्षांपूर्वी एका ग्राहकाच्या आग्रहाखातर केली होती. जाहिरातीत तिचा उल्लेखही नाही! आत्ता आकडे काढले. ती सोय आठवड्यातून निदान तीनदा वापरणारे ५२ ग्राहक होते, त्यातले दोन गेले. बाकीच्यांत गळती कितीतरी जास्त. हे आमच्या समोर होतं आणि आम्ही कधी पाहिलंच नाही.

---

वेर्णे_पठार | १२ जून, दुपारी १.१५

आता २७ डिसेंबरचं. तुमच्या उत्तरांवरून मला जे दिसतं ते असं.

पोस्टग्रेस मुळात एका वेळी १०० जोडण्या घेतो, तुम्ही सेटिंग बदललेलं नसेल तर. प्रत्येक ॲप सर्व्हर स्वतःच्या वीस-पंचवीस जोडण्या उघडून बसतो. दोन सर्व्हर होते तेव्हा पन्नासच्या आत काम भागत होतं. सहा केल्यावर मर्यादा ओलांडली. नवे सर्व्हर दारात ताटकळत राहिले, जुन्यांनाही जोडणी मिळेना. हॉटेलात स्वयंपाकी एकच आणि वाढपी सहा केले तर पान लवकर वाढलं जात नाही, स्वयंपाकघराच्या दारात गर्दी होते, तसं. वाढीच्या नावाखाली सर्व्हर वाढवण्याआधी अडतंय कुठे ते मोजलं पाहिजे, आणि बहुतेक वेळा अडतं ते डेटाबेसपाशी.

त्यात वर्षअखेर. पाच-पन्नास मालक एकाच वेळी 'डिसेंबरचा रिपोर्ट' बघत असणार. त्या क्वेरीला (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला) योग्य इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी यादी) नसेल तर प्रत्येक रिपोर्ट अख्खं टेबल वाचून काढतो, आणि खोली बंद करण्याचा दोन ओळींचा निरोप त्याच्या मागे रांगेत उभा राहतो.

ऑक्टोबरच्या आत मी तुमच्या जागी असतो तर या क्रमाने गेलो असतो. पहिल्या आठवड्यात स्लो क्वेरी लॉग (हळू चालणाऱ्या क्वेऱ्यांची नोंद) चालू करून सगळ्यात जड दहा क्वेऱ्या शोधायच्या आणि इंडेक्स घालायचे. निम्मा त्रास इथेच संपेल. मग मध्ये पीजीबाउन्सर (जोडण्या वाटून देणारा प्रोग्राम) बसवायचा, म्हणजे ॲप सर्व्हर कितीही झाले तरी डेटाबेसकडे मोजक्याच जोडण्या जातील. रिपोर्टसाठी डेटाबेसची वेगळी प्रत ठेवायची. ती दोन-चार सेकंद मागे राहिली तरी रिपोर्टवाल्याचं काही बिघडत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं काम रांगेचं. खोली बंद करण्याचे निरोप वेगळ्या रांगेत, सगळ्यात वरच्या प्राधान्याने. ईमेल, पावत्या, रिपोर्ट दुसऱ्या रांगेत, ते दहा मिनिटं थांबू शकतात. बुकिंग साइट कधीकधी एकच निरोप दोनदा पाठवते, म्हणून प्रत्येक निरोपाचा क्रमांक जपून ठेवा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सोडून द्या. शिवाय 'ही खोली, ही तारीख' या जोडीवर डेटाबेसमध्येच युनिक कन्स्ट्रेंट (एकच नोंद राहील अशी अट) घाला. दुसरी नोंद शिरलीच तर निदान त्याच सेकंदाला मालकाच्या फोनवर घंटा वाजेल, पाहुणा दारात येईपर्यंत वाट बघावी लागणार नाही.

कॅलेंडर लिंकबद्दल एक. समोरची साइट ती लिंक तिच्या सवडीने वाचते, काही वेळा काही तासांनी. तुमचा सर्व्हर कितीही वेगवान केलात तरी ते अंतर तुमच्या हातात नाही. म्हणून अशा साइटवर मालकाला सीझनमध्ये सगळ्या खोल्या ठेवू देऊ नका. एक-दोन खोल्या तिच्यासाठी बाजूला काढून ठेवायला सांगा, आणि का ते त्याला स्पष्ट समजावून सांगा.

सप्टेंबरात लोड टेस्ट (सर्व्हरवर मुद्दाम ताण देऊन पाहण्याची चाचणी) घ्या. २७ डिसेंबरचे लॉग असतील तर तोच दिवस पाचपट करून टेस्ट सर्व्हरवर पुन्हा चालवा.

---

पाळोळे_डोंगर | १२ जून, सायंकाळी ६.०५

तांत्रिक चर्चेत एक भर. काणकोणात आमच्याकडे पावसात वीज गेली की मोबाइलचं नेटवर्कही धड राहत नाही. मालक बहुतेक वेळा स्वस्त अँड्रॉइडवरच काम करतो. तुमचं पान किती सेकंदांत उघडतं हे पर्वरीच्या फायबरवर तपासू नका. गूगलचा निकष असा की पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, आणि तोही चारपैकी तीन भेटींमध्ये. आजच्या आणि उद्याच्या नोंदी फोनमध्येच साठवा, म्हणजे नेट नसलं तरी 'आज कोण येणार' एवढं तरी दिसेल.

---

डिचोलीची_सून | १२ जून, रात्री ९.२०

मांडवीपार, मी सॉफ्टवेअरमधली नाही. आमचं काजू, आमसुलं, खाजे असं घरगुती उत्पादन आहे, डिचोलीहून देशभर पाठवतो. पण तुमचे ९ हजार वाचून पोटात कालवलं, कारण हेच आमच्या बाबतीत झालं होतं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही फक्त मोठ्या ऑनलाइन बाजारांवर विकत होतो. ऑर्डरी येत होत्या, आम्ही खूश. वर्षअखेरीला हिशेब मांडला तेव्हा कमिशन, कुरिअर, जाहिरात आणि परत आलेली पार्सलं वजा जाता हातात जवळजवळ काही उरलं नव्हतं. कॅश ऑन डिलिव्हरीच्या शंभर पार्सलांतली २८ परत यायची. जाण्याचा खर्च आमचा, येण्याचाही आमचा, आणि महिनाभर फिरून आलेला माल पुन्हा विकता येत नाही. सगळ्यात मोठं दुःख वेगळंच. ग्राहक कोण हे आम्हाला माहीतच नव्हतं. त्याचा नंबर बाजाराकडे. त्याला माल आवडला तरी पुढच्या वेळी तो 'गोवा काजू' असं शोधणार आणि जो सगळ्यात वर दिसेल त्याचा घेणार.

मग आम्ही कॅश ऑन डिलिव्हरी बंद केली. विक्री एकदम खाली आली आणि सासूबाई महिनाभर काळजीत होत्या. पण स्वतःच्या साध्या वेबसाइटवर यूपीआयने पैसे भरून मागवणारी माणसं हळूहळू जमली. आता दिवाळीच्या आधी आम्ही त्यांना व्हॉट्सॲपवर एक यादी पाठवतो, त्यांच्या परवानगीने. निम्म्याहून जास्त माल तिथेच जातो. ऑनलाइन बाजार सोडलेले नाहीत, नवा माणूस तिथूनच येतो. पण आता तेवढ्यापुरतेच.

तुमचे ३१ ग्राहक ज्यांच्या सांगण्यावरून आले त्यांना तुम्ही साधा फोन तरी केलात का?

---

जुना_बँकवाला | १३ जून, सकाळी ८.००

बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली बरीच साखळी आणि वाळपईच्या शाखांत.

पैसे घेणं वाईट नाही. पण त्या अटीचा हिशेब मांडा. आज तुमच्याकडे साधारण दीडशे असतील. मार्चपर्यंत ८५० नवे हवेत. जाहिरातीने आणायचे तर तुमच्याच दराने साडेशहात्तर लाख, आणि तुमच्याच अनुभवाने त्यातले निम्म्याहून जास्त पुढच्या मेमध्ये जाणार. ग्राहक टिकला पाच महिने, भरले ५ हजार, आणण्याचा खर्च ९ हजार. असा प्रत्येक नवा ग्राहक तुम्हाला ४ हजारांनी गरीब करतो, सर्व्हर आणि फोनवरच्या मदतीचा खर्च धरला तर त्याहूनही जास्त. एक हजार झाले तर खड्डा तेवढा मोठा.

स्टार्टअप इंडिया सीड फंडचा विचार केलात का? सरकारी योजना आहे, इन्क्युबेटरमार्फत (नव्या कंपन्यांना आधार देणारी संस्था) मिळतो, गुंतवणूकदाराची अशी अट नसते.

---

हिशेबवही_फोंडा | १३ जून, सकाळी ११.४५

काका, सीड फंडाला अर्ज करताना कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. यांना चार झाली. नवीन कोणी हे वाचत असेल त्याने मात्र ही मुदत लक्षात ठेवावी. इन्क्युबेटरचा उपयोग पैशांपलीकडेही होतो. फातोर्ड्याला डॉन बॉस्को अभियांत्रिकी महाविद्यालयात फायर नावाचं इन्क्युबेटर आहे, साखळीला जीआयएमचं (गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचं) अटल इन्क्युबेशन सेंटर आहे, वेर्ण्याला सिबा आहे. तिथे जाऊन आधी वाट तुडवलेल्या माणसांशी बोला. राज्याच्या योजनांतून जे मिळतं ते बरंचसं खर्चाची भरपाई म्हणून मिळतं, म्हणजे आधी खिशातून घालायचं. रोख रकमेचं नियोजन करताना तो पैसा आलाच असं धरू नका.

मी सीए आहे, म्हणून तीन व्यवहाराच्या गोष्टी.

हरमलकरांचं उत्तर दराच्या रचनेत आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पैसा हातात असताना, वर्षाचे एकदम घ्या, थोडी सूट देऊन. ज्यांना महिन्याचंच हवं त्यांना जून ते सप्टेंबर 'पावसाळी' दर द्या, शंभर-दीडशे रुपये, फक्त माहिती जपून ठेवण्याचे. माणूस तुमच्याकडे राहतो आणि ऑक्टोबरात त्याला काही भरावं लागत नाही.

महिन्याचे पैसे यूपीआय ऑटोपेने (दर महिन्याला आपोआप कापून) घेत असाल तर किती जण स्वतःहून गेले आणि किती जणांचा हप्ता खात्यात पैसे नसल्याने परत गेला, हे वेगळं काढा. १५ हजारांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी ओटीपी लागत नाही, पण कापण्याच्या २४ तास आधी सूचना जाते. हप्ता परत आला की लगेच ग्राहक गेला असं समजू नका. दोन-तीन दिवसांनी पुन्हा प्रयत्न, आणि एक माणसाने केलेला फोन. माझ्या एका अशिलाची एक-तृतीयांश 'गळती' अशीच निघाली होती.

मोठ्या हॉटेलांना सेवा देत असाल तर उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून पावतीवर तो क्रमांक छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं देणं लेखी करार असेल तर ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं, आणि न दिल्यास प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत समोरच्याला तो खर्च आयकरात दाखवता येत नाही. १ एप्रिल २०२४ पासून हे लागू आहे. त्यांचे हिशेबनीस मार्चमध्ये स्वतःहून फोन करतात.

डिचोलीची सून, तुमच्यासारखे इतर कोणी वाचत असतील तर: परराज्यात माल विकायचा तर उलाढाल कितीही कमी असो, जीएसटी नोंदणी लागते. ऑनलाइन बाजारांनी विक्रीतून कापलेला अर्धा टक्का टीसीएस (आधीच कापून भरलेला कर) परत मागायला विसरू नका, फार जण विसरतात.

---

तारकर्ली_रेती | १४ जून, दुपारी ३.३०

पत्रादेवीच्या पलीकडून लिहितो. तुम्ही सगळे सीझन ऑक्टोबर ते मार्च धरून बोलताय. आमच्या मालवण-तारकर्लीत मे महिना तुडुंब असतो. पुण्या-मुंबईची, कोल्हापूरची कुटुंबं मुलांची परीक्षा संपली की येतात. निवास-न्याहारीवाली घरं गावोगाव आहेत आणि बुकिंग अजून वहीत आणि व्हॉट्सॲपवर चालतं. तुमचं सॉफ्टवेअर मराठीत आहे का? इथे घर चालवणारी बहुतेक वेळा बाई असते. तिला मराठीत दिसलं तर ती स्वतः वापरेल, मुलगा मुंबईहून यायची वाट बघणार नाही.

मोपाचं विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून सिंधुदुर्गात त्या वाटेनेही माणसं येतात. गिऱ्हाईक तेच, रस्ता तोच.

---

मांडवीपार | १४ जून, रात्री १०.१५

आमचं फक्त इंग्रजीत आहे. मी स्वतः मराठी शाळेत शिकलो, घरात मराठी आणि कोंकणी बोलतो, वर्तमानपत्र मराठी वाचतो, आणि चार वर्षांत एकदाही सॉफ्टवेअरचा मराठी पडदा (स्क्रीन) करावा असं मनात आलं नाही. याचं मला खरंच वाईट वाटलं.

डिचोलीची सून, फोन केला नव्हता. आज अकरा जणांना केला. एका काकांनी एकट्याने नऊ ग्राहक आणलेत.

---

सांगे_वाट | १५ जून, सकाळी १०.५०

माझं मत वेगळं आहे. तुम्ही चार महिने घर दुरुस्त करत बसाल आणि तेवढ्यात पैसेवाला स्पर्धक दोन वर्षं फुकट वाटून सगळी किनारपट्टी घेऊन जाईल. डिजिटल बाजारात पहिला पोचणारा बाजी मारतो. पैसे घ्या, दुरुस्तीही त्याच पैशांतून करा.

---

हरमलकर | १५ जून, दुपारी १२.३०

सांगेकर, फुकट मी दोनदा घेऊन पाहिलं. डिसेंबरात फोन उचलायला माणूस नव्हता. मांद्र्याच्या त्या बाईंनी का सोडलं ते वाचा, फुकट मिळालं नाही म्हणून नव्हे.

---

वेर्णे_पठार | १५ जून, दुपारी २.१०

सांगेकरांच्या मुद्द्यात एवढं खरं आहे की जिथे प्रत्येक नव्या वापरणाऱ्यामुळे बाकीच्यांचा फायदा वाढतो, तिथे वेग महत्त्वाचा. पैसे पाठवायचं ॲप, टॅक्सीचं ॲप. इथे मोरजीच्या गेस्ट हाऊसला हणजूणचं गेस्ट हाऊस तेच सॉफ्टवेअर वापरतं याचा काय उपयोग? इथे हळू चालणाऱ्याला वेळ मिळतो.

---

मांडवीपार | ९ ऑगस्ट, रात्री ९.००

उशिरा लिहितोय, पण सगळ्यांना कळवायलाच हवं होतं.

गुंतवणूकदारांशी पुन्हा बोललो. त्यांच्यासमोर ४० आणि ३१ चे आकडे ठेवले आणि अट बदलायची विनंती केली: संख्येऐवजी, ऑक्टोबरात आलेल्यांतले किती पुढच्या ऑक्टोबरात आहेत यावर ठरवा. त्यांनी विचार करतो म्हणून सांगितलं, अजून उत्तर नाही. भागीदारांशी दोन दिवस वाद झाला, आता तिघंही वाट बघायला तयार आहोत.

जड क्वेऱ्या सात निघाल्या. एकट्या रिपोर्टची क्वेरी १४ सेकंद घेत होती, इंडेक्सनंतर अर्ध्या सेकंदात येते. पीजीबाउन्सर बसला, रांगा वेगळ्या झाल्या. मागच्या शनिवारी २७ डिसेंबर तिप्पट करून चालवला, खोली बंद होण्याचा निरोप नऊ सेकंदांत गेला. पाचपटीला अजून कोसळतं. सप्टेंबरपर्यंत तेही होईल.

पावसाळी दर १४९ ठेवला. सोडून गेलेल्या २३ जणांना मी स्वतः फोन केला, आठ परत आले. त्यातल्या पाच जणांनी सोडायचं ठरवलंच नव्हतं, हप्ता परत गेला होता. फोंड्याच्या सीए साहेबांना देव बरें करूं.

मराठी पडदा अर्धा झाला आहे. 'चेक-इन'ला काय म्हणायचं यावर ऑफिसात फार चर्चा झाली, शेवटी 'पाहुणे आले' असं ठेवलं. तारकर्लीत सहा घरं वापरून पाहताहेत.

मांद्र्याच्या बाईंकडे रविवारी गेलो होतो. काय बिघडलं होतं आणि काय बदललं ते कागदावर काढून दाखवलं. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं. 'चवथ होऊ दे, मग बघू' म्हणाल्या.

---

तारकर्ली_रेती | ९ ऑगस्ट, रात्री ९.४०

सहापैकी एक माझी बहीण. ती म्हणते दर भरायचा रकाना सापडत नाही. उद्या स्क्रीनचा फोटो पाठवतो.